जॅकवेल आणि अवसायन

पंचगंगेच्या काठानं शिरोळच्या बाजूला निघालं की उसाच्या फडातून मध्येच एक गोल, शेवाळलेला बुरूज डोकं वर काढतो. ती जॅकवेल. नदीचं पाणी पोटात घ्यायचं, मोटरीनं उचलायचं आणि दाबनळीतून वरच्या माळापर्यंत न्यायचं, हे तिचं काम. काहींवर आजही मोटर घुमते. काहींच्या भेगेतून पिंपळ उगवलेला असतो, दाराची कडी गंजलेली असते आणि भिंतीवरचं पाणीपुरवठा संस्थेचं नाव अर्धं पुसलेलं असतं. त्या संस्थेचं काय झालं म्हणून गावात विचारावं, तर उत्तर मिळतं, "लिक्विडेशनात गेली." सहकार खात्याच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'अवसायनात'.

या शब्दाचं कूळ मोठं आहे. संस्कृतात 'सो' असा एक धातू आहे. त्याला 'अव' जोडला की संपवणं, तडीस नेणं, निश्चित करणं असे अर्थ येतात. अवसान म्हणजे शेवट, तो याच घरातला. याच धातूमागे 'वि' आणि 'अव' असे दोन्ही उपसर्ग लागले की होतो व्यवसाय, आणि 'अधि' व 'अव' लागले की अध्यवसाय. म्हणजे नेटानं धंदा करणं आणि धंदा मिटवणं, दोन्ही एकाच मुळाची पोरं. गावानं उचललेल्या 'लिक्विडेशन'चं मूळ लॅटिन. पातळ, नितळ असा त्याचा अर्थ. हिशेब नितळ करायचा, गाळ ठेवायचा नाही. दोन भाषांनी दोन वाटांनी सांगितलं ते एकच: अर्धवट सोडायचं नाही, शेवटापर्यंत न्यायचं.

कायद्यातली वाट अशी. 1904 चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्यानं इतर कामांच्या संस्थांनाही दार उघडलं, आणि त्याच कायद्यात संस्थेची नोंदणी रद्द करण्याची व लिक्विडेटर नेमण्याची कलमं होती. संस्था जन्माला घालणाऱ्या कायद्यानंच तिच्या अंत्यविधीचीही सोय करून ठेवली. पुढे 1925 चा मुंबई प्रांताचा कायदा आला आणि त्यानंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. त्यातलं 102 वं कलम अवसायनाचं, 103 वं अवसायकाच्या, म्हणजे लिक्विडेटरच्या, नेमणुकीचं.

कोल्हापूर जिल्ह्यात या कलमांचा संबंध थेट नदीशी येतो, कारण इथलं पाणी मोठ्या अंशी कालव्यातून धावत नाही. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. पैशाअभावी ते रखडलं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून खाली येतं आणि कोल्हापुरी बंधारे ते अडवतात. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे अडवणीच्या फळ्या, बसवायचे, पाऊस सुरू व्हायच्या आत काढायचे. पाणी दारात आलं, पण ते वर चढवायचं कुणी? एकट्या अर्ध्या एकरवाल्याला मोटर आणि मैलभर नळ परवडणारे नव्हते. म्हणून शेतकऱ्यांनी शेअर्स गोळा केले, कर्ज काढलं, पाणीपुरवठा संस्था उभ्या केल्या. पाणीपट्टी साखर कारखान्याच्या ऊसबिलातून कापून घेतली जाई. पाणी घ्यायची पाळी कुणाची, हे पाणी वाटणारा पाटकरी सांगे.

मग काही संस्था थकल्या. कुठं विजेचं बिल तुंबलं, कुठं दाबनळी फुटली, कुठं ज्याला जमलं त्यानं स्वतःची मोटर टाकली. वार्षिक सभा भरेना, लेखापरीक्षण होईना. संस्थेनं काम सुरूच केलं नसेल किंवा बंद केलं असेल, तर निबंधक आधी अंतरिम आदेश काढतात, खुलाशाची संधी देतात, नंतर अंतिम आदेश. खास बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर सभासदांपैकी तीन चतुर्थांशांनी ठराव करून अर्ज केला तरीही हे होतं. मग अवसायक येतो: दप्तर ताब्यात घेतो, जाहीर नोटीस देऊन देणेकऱ्यांचे दावे मागवतो, येणी वसूल करतो, मालमत्ता विकतो, अंतिम अहवाल देतो आणि 21 व्या कलमाखाली नोंदणी रद्द होते. 2015 साली सहकार खात्यानं राज्यभर संस्थांची प्रत्यक्ष पाहणी केली. तेव्हा बंद, कार्यस्थगित आणि पत्त्यावर न सापडणाऱ्या संस्था ढिगानं निघाल्या.

यादी साफ करण्यात गैर काही नाही. मला खटकतं ते वेगळंच. मोटर आणि स्टार्टर भंगारात जातात. पण नदीत रोवलेली जॅकवेल आणि बांधाखालून गेलेले नळ कोण काढणार? नोंदणी रद्द झाल्यावर त्यांना विचारणारं कुणी उरत नाही. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, जिथं धोक्याची पातळी 43 फूट आहे. पाणी उतरलं तेव्हा चालत्या संस्थांची माणसं चेनकप्पी घेऊन गाळातून मोटरी वर काढत होती. बंद जॅकवेलीच्या इंटेकमधला गाळ कुणाच्याच वहीत नव्हता.

संस्था मिटली तर तिच्या बांधकामाचं काय, हा प्रश्न इतरत्रही आहे. हॉलंडमध्ये बांध आणि पाणी सांभाळणारी स्थानिक मंडळं दुसऱ्या महायुद्धानंतर अडीच हजारांच्या घरात होती. 1953 च्या सागरी पुरानंतर त्यांच्या विलीनीकरणाला वेग आला. आज ती 21 उरली आहेत. मंडळ मिटलं तरी त्याचा बांध शेजारच्या मंडळाच्या वहीत गेला. अमेरिकेत नदीकाठचे जमीनमालक स्वतःवर कर बसवून बांध राखण्यासाठी मंडळ स्थापतात. ते निष्क्रिय झालं की विसर्जित करता येतं. तिथंही मंडळ मोडण्याआधी विचारायचा प्रश्न हाच, की बांध कुणाचा. आपल्याही कायद्यात 17 वं कलम आहे, एकत्रीकरणाचं आणि मालमत्ता-देणी दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्याचं. पाण्याच्या संस्थेला 102 लावण्याआधी 17 वं उघडून पाहणं सक्तीचं करावं, असं मला मनापासून वाटतं. खालच्या गावाची चालती संस्था हीच जॅकवेल वापरू शकते का, निदान तिचं तोंड बुजवण्याची जबाबदारी कुणी घेतो का, हे अवसायकाच्या अहवालात लिहिलेलं असावं.

मराठीत अवसानाला दुसराही अर्थ आहे: धीर, ताकद. अवसान गळालं, असं आपण म्हणतो. बंद पडलेल्या एका संस्थेच्या खोलीत मी गेलो होतो. टेबलाला एक पाय कमी, खिडकीत कोळिष्टकं. भिंतीवर मात्र खडूनं आखलेला पाळीचा तक्ता शाबूत होता. वार, गट नंबर, तास. शेवटच्या ओळीत मंगळवार, चार तास, आणि पुढचा रकाना कोरा.