जासूद, लखोटा आणि ब्राउझर : इंटरनेट-सेवादात्यांची पाळत आणि तिला झालेला विरोध

सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. भिलाईच्या एका सेक्टरमधील आमच्या क्वार्टरमध्ये बसून संगणकावर परीक्षेचा निकाल पाहत होतो. विद्यापीठाचे पान उघडले आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात कर्जाची एक जाहिरात तरंगू लागली. विद्यापीठ आपल्या निकालपत्रावर कर्जाची जाहिरात कशाला लावील? शेजारच्या घरी, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर, तेच पान स्वच्छ दिसत होते. ज्यांच्याकडून आम्ही इंटरनेट घेतले होते त्यांच्या कार्यालयात दूरध्वनी केला, तेव्हा उत्तर मिळाले की तुमच्या संगणकात व्हायरस आहे, फॉरमॅट करून घ्या. केले. जाहिरात गेली नाही.

पुढे या विषयाचा इतिहास वाचताना ध्यानात आले की हे उत्तर फार जुने आहे. २००७च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील बीटी या कंपनीच्या एका ग्राहकाने आपला ब्राउझर न सांगता एका अनोळखी पत्त्याशी बोलत असल्याचे पाहिले आणि चौकशी केली. त्यालाही त्याच्याच यंत्रात दोष असल्याचे सांगण्यात आले. दोष यंत्रात नव्हता. बीटी आपल्या ग्राहकांवर, त्यांना न कळवता, 'फॉर्म' नावाच्या कंपनीची जाहिरात-प्रणाली तपासून पाहत होती. तशीच एक चाचणी त्याआधी २००६च्या शरद ऋतूत सुमारे १८ हजार ग्राहकांवर होऊन गेली होती. त्यांतील कोणालाही विचारलेले नव्हते.

प्रणाली कशी चालत असे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे. कारण सगळा वाद त्या यंत्रणेतच दडलेला होता. आपण एखादे संकेतस्थळ पाहतो तेव्हा आपली मागणी सेवादात्याच्या जाळ्यातून पुढे जाते. फॉर्मचे उपकरण या जाळ्याच्या आतच बसवलेले असे. ब्राउझरची मागणी मध्येच अडवली जाई, तिला तीन वळसे घातले जात आणि त्या खटाटोपात ग्राहकाला एक यादृच्छिक क्रमांक चिकटवला जाई. हा क्रमांक ज्या कुकीत ठेवला जाई, ती कुकी तुम्ही पाहत असलेल्या संकेतस्थळाच्याच नावाने घातलेली असे. म्हणजे त्या संकेतस्थळाच्या नावाने केलेली बनावट सही. मग पानावरील मजकूर वाचला जाई, त्यात वारंवार येणारे शब्द निवडले जात आणि तुमच्या क्रमांकापुढे 'प्रवास', 'मोटार', 'कर्ज' असा एखादा वर्ग नोंदला जाई. फॉर्मशी करार केलेल्या दुसऱ्या एखाद्या पानावर तुम्ही गेलात की त्या वर्गातील जाहिरात तिथे तुमची वाट पाहत असे.

कंपनीचा बचाव असा, की आम्ही नाव नोंदवत नाही, पत्ता नोंदवत नाही, पाने साठवत नाही. केवळ एक क्रमांक आणि एक वर्ग ठेवतो. हा बचाव अगदीच पोकळ नव्हता. गूगलसारख्या कंपन्या त्याहून अधिक माहिती साठवत होत्या. पण एक भेद होता, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. एखादे शोधयंत्र आवडले नाही तर ते वापरू नये, दुसरे वापरावे. सेवादात्याच्या बाबतीत तशी पळवाट नसते. तो दुकानदार नव्हे, तो रस्ता आहे. वैद्यकीय शंका, नोकरीचा शोध, धार्मिक वाचन, रात्री दोन वाजता चाचपलेली एखादी भीती, हे सगळे त्या एकाच रस्त्यावरून जाते.

आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत पत्रे वाहून नेणाऱ्याला जासूद म्हटलेले आढळते, आणि हेरालाही जासूदच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हेर असाच आहे. रायपूर-रतनपूरचा मुलूख १८५४पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. तेव्हा आज जिथे भिलाईचा पोलाद कारखाना उभा आहे त्या बाजूनेही नागपूरचे जासूद गेले असतील, असे मानायला हरकत नाही. शब्द एकच असला तरी कामे दोन होती, आणि त्या दोहोंमध्ये लाखेची मोहोर केलेला लखोटा होता. स्वतःच्या धन्याचे पत्र फोडणारा जासूद कोणत्याच दरबाराला परवडणारा नव्हता. इंग्रजांनी तार आणली तेव्हा लाख उरली नाही, कारण मजकूर तारमास्तराला दिसतच असे. म्हणून मोहोर कायद्यात घातली गेली. १८८५च्या भारतीय तार कायद्याचे २६वे कलम संदेश दडपणाऱ्या, बदलणाऱ्या, बेकायदा अडवणाऱ्या वा त्याचा आशय बाहेर फोडणाऱ्या तार-कर्मचाऱ्याला शिक्षा सांगत असे. आणि या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत परवानाधारक खाजगी यंत्रणेचे नोकरही येत. १८८५च्या त्या कायद्याने सरकारला मात्र संदेश अडवण्याची मुभा राखून ठेवली होती, हेही विसरू नये.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००८मध्ये बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या तीन मोठ्या सेवादात्यांनी फॉर्मशी सहकार्य जाहीर केले, आणि मग विरोध उसळला. त्याचे स्वरूप लक्षणीय होते. आघाडीवर राजकीय पक्ष नव्हते; सामान्य ग्राहक आणि संगणकशास्त्रज्ञ होते. पंतप्रधानांच्या संकेतस्थळावरील अर्जावर २० हजारांहून अधिक सह्या झाल्या. केंब्रिज विद्यापीठाचे रिचर्ड क्लेटन यांनी फॉर्मच्या लोकांकडूनच यंत्रणा समजावून घेतली आणि एप्रिलमध्ये तिचे तांत्रिक विवेचन प्रसिद्ध केले. वर सांगितलेले तीन वळसे आणि बनावट सही त्यातूनच सर्वांना कळली. 'फाउंडेशन फॉर इन्फर्मेशन पॉलिसी रिसर्च' या संस्थेने कायद्याचा मुद्दा मांडला : संभाषण अडवायचे तर दोन्ही बाजूंची संमती हवी. वाचणाऱ्याने होकार दिला तरी ज्याचे पान वाचले जाते त्याचे काय? वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी आपला सेवादाता असे करू लागला तर आपण तो बदलू, असे जाहीरपणे सांगितले. जुलैमध्ये बीटीच्या भागधारकांच्या सभेबाहेर निदर्शने झाली आणि गुप्त चाचण्यांविषयीचे पुरावे पोलिसांकडे देण्यात आले.

पोलिसांनी काय केले? काही महिन्यांत तपास गुंडाळला. गुन्ह्याचा हेतू दिसत नाही, असे कारण दिले. पुढे २०११मध्ये सरकारी अभियोक्त्यांनीही खटला भरण्यास नकार दिला. न्यायालयात ग्राहक जिंकले नाहीत. ते बाजारात जिंकले. एप्रिल २००९मध्ये ॲमेझॉनने आपली पाने या प्रणालीला वाचू देणार नाही असे कळवले, विकिपीडियानेही तेच केले. युरोपीय आयोगाने ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली. आणि जुलैत बीटीने बेत सोडून दिला. आयोगाच्या दबावामुळे ब्रिटनला पुढे आपला कायदा दुरुस्त करावा लागला. फॉर्मने कोरिया, ब्राझील, तुर्कस्तान अशी दारे ठोठावली आणि २०१६मध्ये तिचा कारभार आटोपला.

अमेरिकेतील कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा सांगाडा तोच आहे. तिथे नेबूॲड ही कंपनी होती. चार्टर या सेवादात्याने २००८च्या मे महिन्यात तिच्याशी हातमिळवणी जाहीर केली, काँग्रेसच्या सदस्यांनी पत्र लिहिले, आणि जूनमध्ये बेत मागे घेतला गेला. पण तेथील पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. व्हेरायझनने २०१२च्या अखेरीपासून मोबाइल ग्राहकांच्या प्रत्येक मागणीत एक क्रमांक टोचायला सुरुवात केली. ब्राउझरमधील कुकी पुसता येते. हा क्रमांक ग्राहकाच्या फोनमध्ये नव्हताच, तो वाटेत लावला जात होता, त्यामुळे पुसणार काय? लोकांना हे कळायला २०१४चा ऑक्टोबर उजाडला. २०१६मध्ये दंड झाला साडेतेरा लाख डॉलर, म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला चहापाण्याचा खर्च. त्याच वर्षी तेथील नियामकाने सेवादात्यांना पूर्वसंमतीची अट घातली, आणि २०१७मध्ये ती लागू होण्याआधीच काँग्रेसने रद्द केली.

आता भारत. २०१५ हे वर्ष आपल्याकडे इंटरनेटच्या प्रश्नावर लोक खडबडून जागे झाल्याचे वर्ष होते. नेट-समानतेसाठी दूरसंचार नियामकाकडे त्या एप्रिलात दहा लाखांच्या आसपास ईमेल गेले. त्या वातावरणात, जूनच्या आरंभी, बंगळूरचे तेजेश जी. एन. हे आपलेच संकेतस्थळ एअरटेलच्या ३जी जोडणीवरून पाहत होते. पानाचा मूळ संकेत उघडला तर त्यात आपण न लिहिलेल्या ओळी. पान त्यांचे, वाचणारे तेच, आणि मध्ये कोणीतरी तिसऱ्याने काही घुसडलेले! त्यांनी पुरावा गिटहबवर ठेवला. हा संकेत फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीचा होता. एअरटेलचे म्हणणे असे, की ग्राहकाला त्याचा डेटा-वापर समजावा यासाठी ही एका पुरवठादारामार्फत केलेली चाचणी आहे. हे म्हणणे नोंदवले पाहिजे. पण नंतर जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. फ्लॅश नेटवर्क्सच्या वतीने मुंबईच्या एका वकील-संस्थेची नोटीस आली, ती पुरावा मांडणाऱ्यावर! आमच्या संकेताचा स्वामित्वहक्क तुम्ही भंग केलात, असा आरोप. ज्याच्या पानात ओळी घुसवल्या त्यानेच त्या दाखवल्या म्हणून तो अपराधी. गिटहबने तक्रारीवरून ते पान काढूनही टाकले. या नोटिशीशी आपला संबंध नाही, असे एअरटेलने सांगितले.

त्याच ऑगस्टमध्ये ॲक्सेस नाऊ या संस्थेने व्हेरायझनसारखे टोचलेले क्रमांक जगात कुठे सापडतात याची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दोन लाख लोकांनी आपले फोन तपासले होते. दहा देशांत अशा खुणा आढळल्या, त्यांत भारत होता.

मग ही जाहिरातींची घुसखोरी थांबली कशी? माझे उत्तर असे, की लाख परत आली. स्नोडेन यांच्या २०१३मधील गौप्यस्फोटानंतर इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या अभियंत्यांनी मे २०१४मध्ये एका अधिकृत दस्तऐवजात व्यापक पाळत हा हल्ला आहे असे नोंदवले. २०१५च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टने संकेतस्थळांना कूटबद्धतेची प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली. तोवर त्यासाठी पैसे मोजावे लागत आणि लहान संस्था टाळाटाळ करीत. जुलै २०१८पासून क्रोम कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारू लागला. कूटबद्ध पानात सेवादात्याला ओळ घुसवता येत नाही, कारण ब्राउझर मोहोर तपासतो, आणि आतले शब्दही वाचता येत नाहीत. ज्या यंत्रणेवर फॉर्म उभी होती तिचा पायाच सरकला. यामागे जाहिरातींचा राग हे एकमेव कारण नव्हते, आणि क्रोम बनवणारी कंपनी स्वतः जाहिरातींवरच जगते. इतिहासात अशी सोबत पुष्कळदा आढळते.

परंतु लखोट्यावर पत्ता असतो. पान कूटबद्ध असले तरी संकेतस्थळाचे नाव शोधण्याची पहिली विचारणा बहुधा उघडी जाते, आणि जोडणी जुळवतानाही ते नाव उघडे राहू शकते. तुम्ही कोणत्या रोगाचे पान वाचले हे सेवादात्याला कळणार नाही. कोणत्या कर्करोग-रुग्णालयाच्या संकेतस्थळावर किती वेळा गेलात, हे कळू शकते. नावाची विचारणाही झाकण्याचे मानक २०१८च्या ऑक्टोबरात आले, आणि पुढे ब्रिटनमधील सेवादात्यांच्या संघटनेने ते राबवू पाहणाऱ्या मोझिलाला 'इंटरनेटचा खलनायक' या उपहासात्मक पारितोषिकासाठी नामांकित केले आणि टीका होताच नामांकन मागे घेतले. पत्त्यालाही बाजारात किंमत आहे, हे त्या रुसव्यातून उघड झाले.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. मुख्य बंधने पाळण्यासाठी कंपन्यांना १८ महिन्यांचा अवधी आहे. संमती मोकळी, विशिष्ट आणि कळून दिलेली असावी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे कायदा म्हणतो. जोडणी घेताना आपण न वाचता 'मान्य' म्हणून जी पाने ओलांडतो, त्यांतील संमती या कसोटीला उतरते का, हा प्रश्न आता कोणत्याही ग्राहकाला विचारता येईल.

आमच्या विद्यापीठाच्या त्या पानाला आता कुलपाचे चिन्ह आहे. गेल्या महिन्यात पुतणीचा निकाल तिथेच पाहिला. कोपरा मोकळा होता. मग कुतूहल म्हणून तिच्या लॅपटॉपवर जाळ्यातून जाणारी पाकिटे दाखवणारा एक प्रोग्राम चालवला, आणि पहिल्याच ओळीत विद्यापीठाचे पूर्ण नाव, स्वच्छ अक्षरांत, सेवादात्याकडे जाताना दिसले. "काका, हे त्यांना दिसतं?" तिने विचारले. दिसते, म्हणालो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन आम्ही ती विचारणा झाकणारा पर्याय सुरू केला. पुन्हा पान उघडले तेव्हा ती ओळ गेली होती, पण चार ओळी खाली, जोडणी जुळण्याच्या पाकिटात, नाव तसेच होते.