बिनमालकीचे गाव आणि नवागत

‘संघीय चर्चापीठ’ हा शब्दप्रयोग मराठीत अद्याप रुळलेला नाही. तेव्हा आरंभीच त्याचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट ठरेल. फेसबुकसारख्या माध्यमात सदस्य, त्यांचे लेखन आणि त्या लेखनाला लागू होणारे नियम हे सारे एकाच कंपनीच्या ताब्यात असते. संघीय रचनेत अनेक स्वतंत्र सर्व्हर असतात, प्रत्येकाचा चालक निराळा आणि नियमही निराळे. तरीही एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरील चर्चेत भाग घेऊ शकतो. एका कंपनीचे ईमेल खाते असणाऱ्याला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास पत्र धाडता येते, तसाच हा प्रकार. २०१६ साली आलेले मॅस्टोडॉन आणि २०१९ साली आलेले, विषयवार चर्चेसाठी रचलेले लेमी ही त्याची आजची परिचित उदाहरणे होत.

अशा ठिकाणी प्रथमच जाणाऱ्याची एक ठरलेली तक्रार असते. आत शिरायचे कोठून, हेच त्याला कळत नाही. खाते उघडू पाहणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न येतो तो ‘कोणत्या सर्व्हरवर?’ हा, आणि ज्याला गावच ठाऊक नाही त्याने घर कोणत्या आळीत घ्यावे हे कसे ठरवावे? ही तक्रार नव्या पिढीच्या अधीरतेतून आलेली आहे असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिचे वय पंचेचाळीस वर्षांच्या आसपास आहे. प्रस्तुत लेखात या रचनेचा इतिहास नवागताच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कारण बिनमालकीचे गाव टिकते की विस्कटते, याचा निर्णय बहुधा त्याच्या वेशीवरच होतो असे दिसते.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना युनिक्स संगणकांमध्ये बातम्यांची देवाणघेवाण करण्याची कल्पना सुचली. शेजारच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन त्यांना येऊन मिळाले आणि १९८० साली ‘यूजनेट’ सुरू झाले. त्या काळी आर्पानेट अस्तित्वात होते, परंतु अमेरिकी संरक्षण खात्याशी संबंध नसलेल्या संस्थांना त्याचे दार सहसा बंदच असे. यूजनेटला साधा टेलिफोन पुरत असे. एक संगणक दुसऱ्याला फोन करी, आपल्याकडील नवे लेख त्याला देई, त्याच्याकडील घेई. दुसरा तिसऱ्याला देई. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक नाही. प्रत्येक यंत्रापाशी प्रत्येक लेखाची स्वतःची प्रत. दिवसाकाठी एखाद-दुसरा लेख येईल, असा आरंभीच्या कर्त्यांचा अंदाज होता. तो फार लवकर चुकला.

या जगात पाऊल टाकणाऱ्याला बरेच काही शिकावे लागे. पत्ता म्हणजे नुसते नाव नव्हे, तर मार्गच असे: पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जावे, त्यांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून क्रमाने लिहावी लागत. थोडक्यात, गावाचा नकाशा ठाऊक असल्याखेरीज शेजाऱ्याला हाक मारता येत नसे. लॅरी वॉल यांच्या ‘आरएन’ (१९८४) या वाचनप्रणालीसोबत लेख धाडण्याची जी आज्ञावली येई, ती लेख पाठवण्यापूर्वी एक सूचना दाखवत असे. आपला मजकूर हजारो यंत्रांवर जाणार आहे, त्यापायी शेकडो, कदाचित हजारो डॉलरांचा खर्च पडणार आहे, तरी तो पाठवायचाच आहे ना, असा तिचा आशय होता. या प्रश्नात अतिशयोक्ती असेलही. पण त्यातून नवागताला जे समजायचे ते समजे. आपण बोलतो ते दुसऱ्यांच्या यंत्रांवर, दुसऱ्यांच्या टेलिफोन बिलावर, हे भान म्हणजेच तेथील पहिला धडा होता.

पुढील धडे देण्याचे काम जुन्या रहिवाशांनी अंगावर घेतले. नवागतांसाठी एक स्वतंत्र विभाग होता आणि त्यात मार्गदर्शक टिपणे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा प्रसिद्ध होत. चक वॉन रॉस्पाक यांचे समाजात कसे वागावे हे सांगणारे टिपण त्यांपैकीच. ब्रॅड टेम्पलटन यांनी तोच विषय उपरोधाने हाताळला. अमेरिकेतील शिष्टाचाराच्या प्रसिद्ध लेखिका एमिली पोस्ट यांच्या नावावर श्लेष करून त्यांनी ‘एमिली पोस्टन्यूज’ ही सल्लागार बाई उभी केली, आणि ती गंभीर चेहऱ्याने प्रत्येक प्रश्नाला नेमका चुकीचा सल्ला देते. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी होतो, हे मराठी वाचकाला आठवावे. दोषांची यादी वाचता वाचता स्वतःला तीत ओळखणे आणि मुकाट्याने सुधारणे, ही शिक्षणाची रीत आपल्याला अपरिचित नाही. विशेष म्हणजे, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र देण्याचा जो प्रकार आज प्रत्येक संकेतस्थळावर आढळतो, तो रूढ झाला तो मुख्यतः यूजनेटवर. कंटाळलेल्या जुन्यांनी नव्यांसाठी लिहिलेला तो वाङ्मयप्रकार आहे.

मालक नाही म्हणजे सत्ता नाही, असा मात्र याचा अर्थ होत नाही. १९८६-८७ मध्ये सर्व चर्चागटांची नावे नव्याने पाडण्यात आली. त्यामागे ज्यांच्या मोठ्या यंत्रांवरून बहुतेक वाहतूक होई, त्या मोजक्या चालकांचा पुढाकार होता. वादग्रस्त विषय ‘टॉक’ या वेगळ्या शाखेत गेले, म्हणजे ज्याला ते नको असतील त्याने ती शाखाच घेऊ नये. ही व्यवस्था न रुचलेल्यांनी १९८७ मध्ये ‘ऑल्ट’ ही स्वतंत्र शाखा काढली. संघीय रचनेचा स्वभाव येथे चांगला दिसतो. कोणी कोणाला हाकलू शकत नाही, पण आपल्या यंत्रावर कोणाला वाट द्यायची हे ज्याचे तो ठरवतो.

या शाखांमध्येच ‘सॉक.कल्चर.इंडियन’ आणि पुढे ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हे गट होते. भारतात अर्नेटचा प्रकल्प १९८६ पासून होता, परंतु तो शैक्षणिक व संशोधन संस्थांपुरता. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. साहजिकच या गटांत लिहिणारा मराठी माणूस प्रामुख्याने परदेशी विद्यापीठांतला किंवा तेथे नोकरी करणारा असे. त्याला दुहेरी नवागतपण भोगावे लागे. गावाचे रिवाज शिकायचे, आणि आपली भाषा रोमन लिपीत लिहायलाही शिकायचे. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद रोमन अक्षरांत कसा दाखवावा, ‘ण’ कसा लिहावा, यासाठी अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’सारख्या लिप्यंतर-पद्धतींचा आधार घेतला जाई. मराठी लेखनाच्या इतिहासात या टप्प्याची दखल अभावानेच घेतली जाते.

अमेरिकी विद्यापीठांत शैक्षणिक वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्या महिन्यात नव्या विद्यार्थ्यांचा लोंढा यूजनेटवर येई, महिना-दोन महिने गोंधळ माजे, आणि मग शिकवणी पोहोचून सारे स्थिरावे. १९९३-९४ मध्ये व्यापारी सेवांनी, विशेषतः अमेरिका ऑनलाइनने, आपल्या ग्राहकांसाठी हे दार उघडले. आता लोंढा रोजचाच झाला. जुन्यांनी त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्डविषयीची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत एकाच वेळी टाकली. तंत्र जसेच्या तसे होते, यंत्रे पूर्वीपेक्षा वेगवान होती. फक्त शिकवणाऱ्यांच्या तुलनेत शिकणारे अतोनात वाढले होते. यूजनेटच्या उतरणीची इतर कारणेही आहेत: वाढते पसारे, वेबचे आकर्षण, चालकांवरचा खर्च. तरी वेशीवर जे घडले ते सर्वांत बोलके आहे. ‘नवे लोक अडाणी होते’ हा जुन्यांचा निष्कर्ष मात्र अन्यायाचा वाटतो. प्रत्येक जुना कोणत्या तरी सप्टेंबरात अडाणीच होता. त्याला शिकवायला कोणी तरी होते, इतकाच फरक.

आणि त्या लेखनाचे पुढे काय झाले? प्रत्येक यंत्राकडे प्रत होती खरी, परंतु जागा अपुरी म्हणून काही दिवसांनी ती पुसली जाई. टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील लेख १४१ चुंबकीय फितींवर साठवून ठेवले, म्हणून वीस लाखांहून अधिक लेख वाचले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या देजा न्यूजचा संग्रह गूगलने फेब्रुवारी २००१ मध्ये विकत घेतला आणि त्याच वर्षी स्पेन्सर यांच्या संग्रहाचीही त्यात भर पडली. ड्यूक विद्यापीठाने आपला यूजनेट सर्व्हर मे २०१० मध्ये बंद केला. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवरील नवे लेखन घेणे थांबवले, जुने तेवढे वाचण्यासाठी ठेवले. महानुभाव परंपरेत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाल्यावर अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा सिद्ध केले आणि त्यातून पाठभेद उद्भवले, हे साहित्याच्या अभ्यासकांना ज्ञात आहे. तेथे स्मरण करणारे अनेक होते. यूजनेटच्या पहिल्या दशकाचे स्मरण बव्हंशी एका विभागातील फितींवर अवलंबून राहिले.

तीस वर्षांनी हाच प्रसंग पुन्हा घडला. २०२३ च्या उन्हाळ्यात रेडिटने बाहेरच्या प्रणालींसाठी जबर आकार लावण्याचे ठरवले, त्याविरुद्ध जूनमध्ये मोठे आंदोलन झाले आणि असंख्य लोक लेमीकडे वळले. त्यावर ‘बीहॉ’ नावाचा एक सर्व्हर होता. तेथे सदस्यत्वासाठी अर्ज करावा लागे, आपण का येऊ इच्छिता हे चार ओळींत लिहावे लागे. नव्याने वाढलेल्या दोन मोठ्या सर्व्हरांवर मात्र कोणालाही तत्काळ प्रवेश होता. तेथून येणाऱ्या गर्दीवर देखरेख करणे आपल्या मूठभर स्वयंसेवकांना झेपत नाही, असे सांगून बीहॉने जूनमध्येच त्या दोघांशी संबंध तोडला. कित्येकांनी त्याला आडमुठेपणा म्हटले. न संपणाऱ्या सप्टेंबरचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला त्यात अनुभवाचे शहाणपण दिसेल. शिकवण्याची शक्ती मर्यादित असेल, तर दार कितपत उघडावे याचाही विचार करावा लागतो.

आजच्या नवागताला या इतिहासातून काही उपयोगी गोष्टी घेता येतात. सर्व्हर निवडताना त्याचा आकार पाहण्याऐवजी त्याचे नियम कोणी लिहिले, ते कोण राबवतो आणि खर्च कोण उचलतो, हे पाहावे. लहान सर्व्हरवर गेल्यास चर्चा ओस वाटेल. त्याचे कारण तांत्रिक आहे. तेथील कोणी तरी दुसऱ्या सर्व्हरवरील समुदायाचे सदस्यत्व घेतल्यावरच त्या समुदायाचे लेखन तिकडे नियमित येऊ लागते, आणि मागचे सारे लेखन काही येत नाही. म्हणजे पहिल्याने दार ठोठावल्यावर वाट पडते. बोलण्यापूर्वी काही दिवस नुसते वाचावे, हा यूजनेटचा जुना नियम तर आजही लागू आहे. आणि आपण परक्याच्या अंगणात बसलो आहोत याचा विसर पडू देऊ नये: ‘लेम.ई’ हा लेमीवरील मोठ्या सर्व्हरांपैकी एक जून २०२५ च्या अखेरीस बंद झाला, कारण चालवणारे थकले होते. त्यावरील लेखनाच्या प्रती इतर सर्व्हरांवर राहिल्या, घरे मात्र गेली.

मराठीपुरते बोलायचे तर प्रश्न अधिक निकडीचा आहे. मायबोली (१९९६) आणि मनोगत (२००४) यांसारख्या संकेतस्थळांनी मराठीत चर्चेची सवय लावली, नवागतांना देवनागरीत लिहायला शिकवले. पण ती स्वतंत्र बेटे होती, एकावरून दुसऱ्यावर वाट नव्हती. दुसरीकडे, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी आणि याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले, तेव्हा त्यांतील मराठी गटांच्या गप्पा, वाद, कवितांवरचे अभिप्राय हे सारे मालकाच्या एका निर्णयासरशी गेले. या काळाच्या वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती नियतकालिके लागतील. वाचक आपसांत काय बोलत होते ते लागणार नाही.

संघीय रचना हा त्यावरचा आपोआप लागू पडणारा उपाय नाही, हे वर पाहिलेच. परंतु तीत एक शक्यता आहे, जी कंपनीच्या अंगणात नाही. एखादा मराठी विभाग, एखादे ग्रंथालय, एखादी साहित्यसंस्था स्वतःचा लहान सर्व्हर चालवू शकते, प्रती स्वतःपाशी राखू शकते आणि तरीही जगाशी जोडलेली राहू शकते. त्यासाठी लागणारा पैसा फारसा नाही. लागतो तो सातत्याने वेळ देणारा माणूस. दर जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील, तेच प्रश्न विचारतील, ‘ळ’ कसा टंकावा इथपासून समीक्षा आणि शेरेबाजी यांत फरक काय इथपर्यंत. आणि त्यांना दरवर्षी न कंटाळता तीच उत्तरे द्यावी लागतील. शिक्षकांना हे काम नवे नाही. ते वर्गाबाहेर करण्याची तयारी कोणाची आहे, एवढाच प्रश्न उरतो.