यंत्राआधी झालेला स्फोट

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण प्रयोग आधी सांगतो, हिशेब मागून. एक प्रकरण मात्र उलटे आहे, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे.

प्रथिनाचा रेणू अणू-अणूने पाहायचा तर क्ष-किरण लागतात. अडचण अशी की दाखवणारे किरणच मारकही असतात. ते अणूंतले इलेक्ट्रॉन उडवतात, उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि रेणू फुटतो. म्हणून शास्त्रज्ञ स्फटिक करत आले. त्यात असंख्य रेणू नमाजातल्या सफेसारखे रांगेत उभे असतात, मार सगळ्यांत वाटला जातो. मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली हिमोग्लोबिन हाती घेतले. त्याची रचना छापून आली १९६० मध्ये! शिवाय पेशीच्या पडद्यातली कितीतरी प्रथिने स्फटिक व्हायला सहजासहजी तयार होत नाहीत, आणि आपली बरीच औषधे नेमकी त्यांच्यावरच काम करतात.

मग स्फटिक न करता एकटा रेणू पाहता येईल का? ऑगस्ट २००० मध्ये 'नेचर'मध्ये रिचर्ड नॉइट्झे, यानोश हायदू आणि सहकाऱ्यांचा लेख आला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या या मंडळींनी लायसोझाइम नावाचे छोटे प्रथिन संगणकात उभे केले आणि त्यावर संगणकातच क्ष-किरणांचे झोत सोडले : २, १० आणि ५० फेम्टोसेकंदांचे. (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे पुन्हा अब्ज तुकडे करा, त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद.) ५० च्या झोतात रेणू झोत संपायच्या आतच विस्कटला. २ च्या झोतात मात्र अणू जागचे हलायच्या आत प्रकाश निघूनही गेला. रेणू मरणारच, पण मरण्याआधी त्याचे चित्र निघेल.

असा झोत देणारा क्ष-किरण लेसर तेव्हा जगात कुठेच नव्हता.

अशा कामाला 'नक्कल' म्हणावे का? उर्दूतही तोच शब्द, आणि दोन्ही वर्गांत नक्कल केली की मार्क जातात. मला वाटते, ही नक्कल नव्हे. ज्याची नक्कल करायची ते अजून घडलेलेच नव्हते. उलट असे लेसर बांधावेत यासाठी जी कारणे दिली गेली, त्यांत एकट्या रेणूचे चित्र हे एक होते. एवढा खर्च काही अंशी एका हिशेबाच्या भरवशावर झाला.

हिशेबाचा गाभा खरा निघाला. २००६ मध्ये हॅम्बुर्गला हेन्री चॅपमन यांच्या गटाने पातळ पडद्यावर कोरलेल्या चित्रावर मऊ क्ष-किरणांचा एकच झोत सोडला. पडदा जळाला, चित्र मिळाले. २००९ साली स्टॅनफर्डचा लेसर सुरू झाला आणि २०११ मध्ये त्यावर एकेकट्या मिमिव्हायरसची चित्रे निघाली. पण मिमिव्हायरस म्हणजे विषाणूंतला हत्ती. प्रथिन त्याच्यापुढे मुंगीही नाही. त्याच्यावरून विखुरलेले किरण इतके थोडे, की ते आसपासच्या वायूच्या गोंधळात हरवतात. फुटण्याचा प्रश्न सुटला, दिसण्याचा राहिला. तेवढ्यात २०१७ चे नोबेल गोठवलेले रेणू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकवाल्यांना मिळाले. स्फटिकाविना प्रथिन पाहण्यात त्यांनी आघाडी घेतली होती.

एकट्या प्रथिनाचा पहिला क्ष-किरण ठसा छापून आला २०२४ मध्ये. प्रथिन ग्रोईएल, व्यास १४ नॅनोमीटर. त्या ठशावरून एवढे कळले की झोत आला तेव्हा रेणू साधारण कोणत्या बाजूला वळलेला होता. त्याचे अणू अजून दिसलेले नाहीत.