निसण्यापासून ग्राइंडरपर्यंत

बारामतीहून इंदापूरकडे निघालं, की वाटेत निमगाव केतकी लागतं. पानमळ्यांसाठी या गावाचं नाव आहे. तुकोबांची पालखीही याच वाटेनं पंढरीला जाते. पण आज मला बोलायचं आहे ते रस्त्याकाठच्या वेल्डिंगच्या दुकानांविषयी. ट्रॉलीचा सांधा जोडून झाला, की कारागीर ग्राइंडर उचलतो आणि ठिणग्यांचा फवारा उडतो. या लहानशा यंत्रालाही इतिहास आहे, आणि तो जाणला तर बोटं नि डोळे शाबूत राहतात.

लोखंड घासणं ही काही नवी विद्या नव्हे. शेतकरी निसण्यावर विळा घाशी. शिकलगार फिरत्या चाकावर तलवारीला धार लावी. चाकाचा वेग माणसाच्या दमाइतका. १८९१ साली अमेरिकेत ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केलं, आणि दगडाहून कठीण चाकं घडू लागली. आपल्याकडे १९४१ साली मुंबईजवळ मोरा येथे ग्राइंडवेलचा कारखाना निघाला. मात्र चाक अजून जागेवर बांधलेलं. काम त्याच्यापाशी न्यावं लागे. १९५४ साली जर्मनीच्या आकरमान-श्मिट कंपनीनं वेगवान अँगल ग्राइंडर बाजारात आणला, आणि चाकच कामापाशी जाऊ लागलं. त्या कंपनीच्या 'फ्लेक्स' या नावानंच जर्मन माणूस आजही या यंत्राला ओळखतो.

चाक हातात आलं, तसा धोकाही हातात आला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं घासण्याच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची पाटी लावणं सक्तीचं केलं होतं. पण विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा कामगार तरी हवेत, अशी त्या कायद्याची मूळ व्याख्या होती. बाप-लेकांच्या दुकानापर्यंत ती पाटी पोचणार कशी?

तेव्हा ती पाटी आपणच वाचायची. ती चाकावर छापलेली असते. पाच इंची यंत्र मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतं. चाकाची कड ताशी २६० किलोमीटरनं धावते. सात इंची चाकाचं भोक पुष्कळदा तेवढंच असतं, म्हणून ते या यंत्रावर बसतं. आड येतं फक्त गार्ड. मग गार्ड काढलं जातं! आता कडेचा वेग सेकंदाला १०४ मीटर होतो, आणि चाकाची मर्यादा असते साधारण ८० मीटर. चाक फुटलं, तर तुकडा अडवायला मध्ये काहीच नाही.

माझ्या एका विद्यार्थ्यानं हेच केलं. डोळा वाचला, पण भुवईवरचा व्रण कायमचा राहिला. "सर, गार्ड मध्ये येत होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मध्ये येण्यासाठीच ते असतं!"

म्हणून यंत्र घेताना किंमत मागाहून विचारा. आधी ते हातात धरून पाहा. मुठीत मावतं का? बाजूची मूठ आहे का? बोट उचलताच बंद होतं का? रोजच्या सांध्यांना चार-पाच इंची पुरे. सातइंची जड यंत्र दिवसभर पेलताना हात भरून येतो, आणि थकल्या हातातूनच यंत्र उसळतं. कापायच्या पातळ चाकानं घासू नये, मुदत टळलेलं चाक लावू नये, नि डोळ्यांवर चष्मा असावाच.

शिकलगाराचं चाक दमलं, की थांबे. हे चाक दमत नाही. थांबायचं कधी, ते आपणच ठरवायचं.