घरचा दिवा आणि तारेवरचा दिवा

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. शाळेंत सदतीस वर्षें मींही तोच इतिहास शिकविला. परंतु घरांत तिन्हीसांजेस लागणाऱ्या दिव्यालाही इतिहास असतो, ही गोष्ट मला साठी उलटल्यावर एका रात्रींत उमगली. त्या रात्रीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ती रात्र २०१९ सालच्या ६ ऑगस्टची. आदल्या दिवशीं नागपंचमी झालेली. आमचें घर कोल्हापुरांत शुक्रवार पेठेच्या उतारावर आहे. उतार संपतो तेथें पंचगंगेचा शेजार सुरू होतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचें पाणी घेऊन ही नदी शहराजवळ येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आंकडे आमच्याकडे पाढ्यांच्या आधीं पाठ होतात. त्या आठवड्यांत पाणी दोन्ही खुणा मागें टाकून चढत होतें, आणि पुढें तें ५५ फुटांच्याही वर गेलें. नदीकांठच्या वस्त्यांतून रोहित्रें पाण्यांत गेलीं. पाण्यांत प्रवाह उतरून कोणाचा जीव जाऊं नये म्हणूनही वीज बंद ठेवणें भाग होतें. त्याबद्दल माझी तक्रार नाहीं.

घरांत आम्ही सहा माणसें : माझी ब्याऐंशी वर्षांची आई, आम्ही उभयतां, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. दिवे गेले तेव्हां प्रथम कोणास कांहीं वाटलें नाहीं. मग एकेक गोष्ट ध्यानांत येऊं लागली. नळाला पाणी नव्हतेंच, कारण शहरासाठीं पाणी उपसणारे पंपच पुरांत सांपडले होते. मुलाचा मोबाइल दहाच्या सुमारास बंद पडला, त्यापाठोपाठ सुनेचा. पुण्याला दिलेली मुलगी तिकडे फोन लावून लावून थकली असेल, हें कळत होतें. पण ‘आम्ही सुखरूप आहों’ एवढे शब्द तिला कळविण्याची सोय नव्हती. कुटुंबास मधुमेह आहे. तिचें इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रीजमध्यें होतें. दर अर्ध्या तासानें ती दार उघडून बाटलीला हात लावी, आणि दार उघडल्यानें उरलासुरला गारवाही जातो म्हणून मी तिच्यावर रागवत असें. मुलगा विजेरी घेऊन बोळाच्या टोकाला जाई आणि पाणी कितव्या पायरीवर आलें तें पाहून येई. अकरा वाजतां सात पायऱ्या कोरड्या होत्या, एक वाजतां पांच. त्यानंतर विजेरीही मंदावली. मेणबत्तीचे दोन तुकडे होते, ते बाराच्या आधींच संपले होते.

माळ्यावर वडिलांचा कंदील होता. तो मीं मोठ्या आशेनें खालीं काढला. कांच शाबूत, वातही शाबूत; पण घरांत रॉकेलचा थेंब नव्हता. स्वयंपाकाला गॅस आल्यापासून तें आणावयाचेंच थांबलें होतें. तो रिकामा कंदील मांडीवर घेऊन मी अंधारांत बसलों, आणि शिक्षकाची खोड म्हणा, मनांत त्याचाच इतिहास जुळवूं लागलों.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं उजेड घरांतच तयार होई. करडईचें किंवा एरंडीचें तेल, कापसाची वात, आणि पितळेची समई नाहीं तर मातीची पणती, एवढें साहित्य पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आणि रशियांतून खनिज तेल डब्यांतून येऊं लागलें. ‘गॅसलाइट’चें घासलेट आणि ‘रॉक ऑइल’चें रॉकेल आपल्याच लोकांनीं केलें, आणि रिकाम्या डब्यांतून पाणीही वाहिलें. कंदील मात्र परदेशचे असत. १९१६ सालीं कऱ्हाडाजवळ ओगलेवाडीस औंध संस्थानच्या आश्रयानें ओगले बंधूंचा कांच-कारखाना उभा राहिला, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील पुढें महाराष्ट्रांत घरोघर गेला. तो कारखाना कालांतरानें बंद पडला. माझ्या मांडीवरचा कंदील मात्र त्याच घराण्यांतला होता. तेल दूर देशाचें असलें, तरी एकदां घरांत भरलें म्हणजे दिव्यावर सत्ता घरच्यांची असे. राखेनें कांचा पुसणें, वाती कातरणें, तेल किती उरलें तें पाहणें हीं कामें मुलांकडे असत. आजचा दिवा किती वाजेपर्यंत पुरेल, हें सात वर्षांच्या पोरासही सांगतां येई.

विजेनें ही सत्ता घराबाहेर नेली. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील केंद्राची वीज मुंबईस मिळूं लागली. १९६२ पासून कोयनेची वीज येऊं लागली. हें सुख थोर आहे, आणि चिमणीच्या धुरांत अभ्यास केलेला माझ्यासारखा मनुष्य त्याची निंदा कधीं करणार नाहीं. परंतु दिवा घरांत आणि त्याचें मूळ शेंकडों मैलांवर अशी आपली स्थिति झाली. ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या वीजजाळ्यांत बिघाड झाला, तेव्हां सुमारें साठ कोटी लोकवस्तीच्या प्रदेशांतील वीज गेली. इतक्या घरांचे दिवे एका वेळीं विझविणें पूर्वीच्या कोणत्याही वादळास साधलें नसतें.

येथें मला आणखी एक रात्र आठवली. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालें, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. कोयनेचें वीजकेंद्र थांबलें आणि दूर मुंबईंतले कारखाने बंद पडले. मी त्या वेळीं दहा वर्षांचा होतों. आमच्या घरांत फळीवरचीं भांडीं खडखडलीं. आईनें धाकट्या बहिणीस कडेवर घेतलें, दुसऱ्या हातांत उशाजवळचा कंदील घेतला आणि आम्हां सर्वांना बोळांत आणलें. घरांत वीज येऊन वर्ष झालें होतें. पण रात्रीं कंदील बारीक करून उशाशीं ठेवण्याची तिची संवय मोडली नव्हती. शेजारच्या घरांतूनही तसेच चार-पांच कंदील आले. उजाडेपर्यंत सारा बोळ त्यांच्याभोवतीं बसून होता. भीति होतीच, पण एकमेकांचीं तोंडें दिसत होतीं.

एकावन्न वर्षें लोटल्यावर तीच आई खाटेवर बसून आमची धांवपळ ऐकत होती. दोनच्या सुमारास ती म्हणाली, “अरे बाळ, समईला रॉकेल लागतंय व्हय? घरात गोडं तेल हाय न्हवं?”

आम्ही सारे ओशाळलों. दिव्यांची अवस होऊन अजून आठवडाही झाला नव्हता. समया, निरांजनें, लामणदिवा घासूनपुसून, पाटावर मांडून, फुलें वाहून आम्हीं त्यांची पूजा केली होती आणि पुन्हां कपाटांत ठेवून दिलीं होतीं. देवघरांतलें निरांजन तर त्याच संध्याकाळीं लावलें होतें. परंतु देवापुढचा दिवा हा उजेडासाठींही असतो, ही गोष्ट घरांतल्या चार शिकलेल्या माणसांपैकीं एकाच्याही ध्यानांत आली नव्हती.

आईनें नातवास जवळ बसवून तळहातावर वात वळावयास शिकविलें. समई लागली. इन्सुलिनची बाटली एका कोरड्या डबीत घालून, ती डबी मातीच्या मडक्यांत ठेवून, मडक्यास ओलें फडकें गुंडाळण्याची युक्तीही तिनेंच सांगितली. समईनें पूर थांबला नाहीं. सकाळीं तीन पायऱ्या उरल्या, तेव्हां आम्ही निवडक सामान घेऊन उंचावरच्या आप्तांकडे गेलों. परंतु कोणतें सामान घ्यावें, औषधें कोठें आहेत, कागदपत्रें कोणत्या पेटींत आहेत, हें सारें त्या समईच्या उजेडांत बसून शांतपणें ठरलें होतें. पुढें डॉक्टरांनीं सांगितलें कीं, वापरांत असलेली इन्सुलिनची बाटली थंड जागीं सुमारें चार आठवडे टिकते. ज्या भीतीनें आम्हीं रात्र काढली, ती एका वाक्यानें गेली.

जुलै २०२१ मध्यें पुन्हां महापूर आला आणि पुन्हां दिवे गेले. आई तेव्हां नव्हती. नातू नऊ वर्षांचा झाला होता. कोणी न सांगतां त्यानें कापूस काढला आणि वाती वळावयास बसला.

श्रोतेहो, तारेवरचा दिवा आपणां सर्वांस हवाच. परंतु घरांत एक दिवा असा असावा कीं, जो लावण्यासाठीं उंबरठ्याबाहेर कोणाचें तोंड पाहावें लागूं नये. आणि तो कसा लावावयाचा, हें घरांतल्या सर्वांत लहान मुलास ठाऊक असावें.