विंचवाचं बिऱ्हाड

गेल्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या घरासमोर सामान हलवणारा ट्रक येऊन उभा राहिला, तेव्हा माझी बायको म्हणाली, "निघाली बिचारी सातव्या घराला!" आम्ही व्हर्जिनियात नॉरफोकजवळ राहतो. जगातला सर्वांत मोठा नौदल तळ इथे असल्यामुळे आमच्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी शेजार बदलतो. ही शेजारीण नौदलातल्या एका अधिकाऱ्याची पत्नी आणि शिक्षणाने स्पीच थेरपिस्ट. चौदा वर्षांत सहा बदल्या. प्रत्येक राज्यात नवा अर्ज, नवी फी आणि लायसन्सची वाट पाहण्यात गेलेले महिने. ते हातात पडून जरा बस्तान बसतंय तोवर पुढच्या बदलीचा हुकूम हजर.

निरोपाच्या चहाला ती सहज म्हणाली, "सरकारी कागदांवर मी कोण, माहितेय? डिपेंडंट!" माझी बायको हसली. म्हणाली, "मीही होते, सात वर्षं."

मी चहाचे कप उचलत होतो. बायको मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर, पुण्यात चांगली नोकरी सोडून आलेली. तिच्या एच-४ च्या अर्जातला तो शब्द मीच माझ्या हाताने भरला होता आणि तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी या 'डिपेंडंट' बायकांचा इतिहास वाचायला लागलो. जे सापडलं ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं.

अमेरिकेचं सैन्य जितकं जुनं, तितकीच त्याच्या मागून चालणाऱ्या बायकांची परंपराही जुनी. १७७७-७८ च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य व्हॅली फोर्जला थंडीत आणि उपासमारीत दिवस काढत होतं. तिथे मार्था वॉशिंग्टन येऊन राहिल्या, हे पुस्तकांत असतं. पण त्याच छावणीत साध्या शिपायांच्या शेकडो बायका होत्या. त्या कपडे धूत, शिवणटिपण करत, आजाऱ्यांची सेवा करत. घरी राहून खाणार काय, म्हणून त्या नवऱ्यामागे आलेल्या. १७७५ मध्येच काँग्रेसने दहा रुग्णांमागे एक परिचारिका ठेवायची आणि तिला महिना २ डॉलर द्यायचे, असं ठरवलं होतं. सैन्यातल्या बाईच्या कामाला सरकारने लावलेली ही अगदी सुरुवातीची किंमत.

पुढे १८०२ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीमागे चार धोबिणी ठेवायला आणि त्यांना रोजचा शिधा द्यायला मान्यता मिळाली. यातल्या बहुतेक शिपायांच्याच बायका. धुण्याचे पैसे त्यांना शिपायांच्या पगारातून मिळत. पश्चिमेकडच्या ओसाड किल्ल्यांवर त्यांच्या झोपड्यांची जी रांग असे, तिला 'सोपसड्स रो' म्हणत. आपण 'साबणफेसाची आळी' म्हणू या! गंमत म्हणजे अधिकाऱ्यांच्या बायकांना सैन्याच्या नियमांत काहीच स्थान नव्हतं, पण धोबिणीला होतं, कारण तिचं काम कागदावर होतं. मग १८७८ मध्ये सरकारने ही पद्धतच बंद केली. काम गेलं, त्याबरोबर शिधा गेला आणि कागदावरचं नावही गेलं. उरली ती फक्त 'शिपायाची बायको'.

नवरा गेल्यावर काय होई, याचं उदाहरण म्हणजे एलिझाबेथ कस्टर. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जॉर्ज कस्टर मारला गेला. नामांकित सेनानीच्या या विधवेला पेन्शन मिळालं महिना ३० डॉलर. तिने न्यूयॉर्कला जाऊन बायकांच्या हस्तकलेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत चिटणिसाची नोकरी धरली. पुढे १८८५ मध्ये 'बूट्स अँड सॅडल्स' हे छावणीतल्या संसाराच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि ती लेखिका म्हणून नावारूपाला आली.

दुसऱ्या महायुद्धात लाखो संसारी पुरुष सैन्यात गेले, तेव्हा सरकारला घराकडे पाहणं भाग पडलं. १९४२ च्या कायद्याप्रमाणे साध्या शिपायाच्या बायकोला दरमहा ५० डॉलर मिळू लागले. त्यातले २२ नवऱ्याच्या पगारातून कापलेले, २८ सरकारचे. १९४३ पासून खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या बायकांची बाळंतपणं सरकारी खर्चाने होऊ लागली. दहा लाखांहून अधिक स्त्रियांना त्याचा लाभ झाला. याच काळात बायका कारखान्यांत शिरल्या आणि त्यांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाची पाळणाघरंही निघाली. युद्ध संपलं, पाळणाघरं बंद झाली, आणि "आता घरी बसा" असं सांगण्यात आलं.

हे वाचताना मला आपल्या साताऱ्याची आठवण होत होती. मिलिटरी अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावांतून मनीऑर्डरची वाट बघत शेत, गुरं, सासू-सासरे आणि पोरं कुणी सांभाळली, त्यांची नावं कुठल्या शिलालेखावर नाहीत.

व्हिएतनाम युद्धात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. सप्टेंबर १९६५ मध्ये वैमानिक जेम्स स्टॉकडेल युद्धकैदी झाले. "गप्प राहा" हा सरकारी सल्ला होता. चार मुलांची आई असलेल्या सिबिल स्टॉकडेल काही वर्षं गप्प राहिल्या आणि मग बोलू लागल्या. त्यांनी इतर कैद्यांच्या बायका गोळा केल्या. त्यातूनच १९७० मध्ये राष्ट्रीय पातळीवरची संघटना उभी राहिली. स्टॉकडेल १९७३ मध्ये सुटून आले. त्याआधी १९६९ मध्ये लष्करी पत्नींनी आणि विधवांनी आणखी एक संघटना काढली होती. निवृत्त सैनिकाच्या मृत्यूनंतर घरच्यांना उत्पन्न राहावं, ही तिची मुख्य मागणी. १९७२ मध्ये तसा कायदा झाला.

नोकरीची गाठ मात्र सुटली नव्हती. अधिकाऱ्याच्या बायकोने तळावर चहापान करावं, स्वयंसेवा करावी, पण नोकरी? ती केली तर नवऱ्याची बढती अडेल, असा अलिखित दंडक होता. १९८७ मध्ये इंडियानातल्या एका हवाई तळावर दोन कर्नलांच्या पत्नींनी याविरुद्ध तक्रार केली. अखेर १९८८ मध्ये संरक्षण खात्याने स्पष्ट केलं, की बायकोची नोकरी हा नवऱ्याच्या मूल्यमापनाचा विषय होऊ शकत नाही. म्हणजे चंद्रावर माणूस जाऊन आल्यावर तब्बल एकोणीस वर्षांनी!

गेल्या पंधरा-वीस वर्षांत दारं थोडी अधिक उघडली. २००९ च्या कायद्याने बदलीबरोबर बायकोचं कराचं राज्य बदलायची सक्ती गेली. २०११ मध्ये सैनिकांच्या जोडीदारांना नोकरी देऊ इच्छिणाऱ्या कंपन्यांचं जाळं तयार झालं. खालच्या हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या जोडीदारांना प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमांसाठी ४,००० डॉलरपर्यंत मदत मिळू लागली. इंटरनेटमुळे घरबसल्या कामं आली. वैद्यकीय बिलिंग, सॉफ्टवेअर टेस्टिंग, ऑनलाइन शिकवणी ही विंचवाच्या पाठीवर मावणारी कामं. तरीही २०१२ ते २०२१ या काळात संरक्षण खात्याच्या पाहण्यांत या जोडीदारांमधली बेकारी २० टक्क्यांच्या वरच राहिली. आणि जोडीदार म्हणजे आता केवळ बायकाच नव्हेत, नवरेही आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कायदा झाला, की वकिली सोडून बहुतेक व्यवसायांची लायसन्स बदलीच्या नव्या राज्यातही चालतील. आमच्या शेजारणीला हे आधी मिळतं तर!

आपल्याकडेही वारे बदलताहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक वयाच्या अटीत सवलत मिळवून, खडतर प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. वीरपत्नी हा मान त्यांना मिळालाच होता, पण त्यांनी स्वतःचा हुद्दाही कमावला.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण काही सैनिक नाही. प्रोजेक्ट संपला की मी बिऱ्हाड हलवलं, तेव्हा कुणी गोळ्या झाडत नव्हतं. पण हुकूम मला यायचा आणि सामान ती बांधायची. मे २०१५ मध्ये एच-४ वरच्या काही जणांना कामाची परवानगी मिळाली, त्यांत माझी बायको होती. पहिल्या पगाराच्या दिवशी तिने काय केलं? काही नाही. पे-स्टबवरचं स्वतःचं नाव बराच वेळ वाचत बसली. मला वाटलं, आकडा बघतेय.

परवा शेजारणीचा सॅन डिएगोहून फोन आला. यंदा नवी परीक्षा नाही, वर्षभराची वाट नाही. शाळा उघडली त्याच महिन्यात ती कामावर रुजू झाली.

आपल्या मंडळात दर गणपतीला नवी जोडपी येतात. मी आजवर नवऱ्याला विचारायचो, "कुठे काम करता?" आणि बायकोला, "मग, रमलात का इथे?" यंदा ठरवलंय, तिलाही आधी विचारायचं, "तुम्ही तिकडे काय करत होतात?"