नागपूरचे उच्च न्यायालय : सत्ता आणि स्वातंत्र्य यांच्या मधोमध

न्यायसंस्था आणि राजसत्ता यांचे नाते फार जुने आहे. प्राचीन अथेन्समध्ये अरिओपॅगस हे ज्येष्ठांचे मंडळ न्यायदानाबरोबर राज्यकारभारावरही देखरेख करीत असे. इ. स. पूर्व ४६२ च्या सुमारास एफिआल्टीस याने त्याचे राजकीय अधिकार काढून घेतले. तरीही ग्रीसचे आजचे सर्वोच्च न्यायालय तेच नाव धारण करते. सत्तेने न्यायालय घडवावे, बदलावे आणि न्यायालयाने सत्तेला मर्यादा घालाव्यात, हा क्रम नागपूरच्या इतिहासातही दिसतो.

मध्यप्रांताची निर्मिती १८६१ मध्ये झाली. येथील न्यायव्यवस्थेच्या शिरोभागी दीर्घकाळ न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते. ९ जानेवारी १९३६ रोजी त्याच्या जागी नागपूर उच्च न्यायालय अस्तित्वात आले. सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायमूर्ती. वास्तुशिल्पी एच. ए. एन. मेड यांनी आराखडा केलेल्या भव्य वास्तूचे उद्‌घाटन ६ जानेवारी १९४० रोजी झाले.

या न्यायालयाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागली. भारत संरक्षण नियमांतील १२९ व्या नियमाने पोलिसांना केवळ संशयावरून अटक करण्याचा अधिकार दिला होता. विमलाबाई देशपांडे यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने बंदिवानाच्या बाजूने निर्णय दिला. सरकार थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. मात्र १९४६ मध्ये तेथेही अपील फेटाळले गेले. संशय वाजवी होता, हे न्यायालयापुढे सिद्ध करण्याची जबाबदारी अटक करणाऱ्यावरच आहे, हे तत्त्व कायम झाले. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४१ मध्ये लिव्हरसिज खटल्यात बहुमताने गृहमंत्र्यांच्या समाधानावर विसंबणे पसंत केले होते, हे लक्षात घेता या निर्णयाचे मोल अधिकच जाणवते.

स्वातंत्र्यानंतर विव्हियन बोस आणि मोहम्मद हिदायतुल्ला यांनी येथील मुख्य न्यायमूर्तिपद भूषविले. दोघेही पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. हिदायतुल्ला १९६८ मध्ये सरन्यायाधीश झाले, १९६९ मध्ये त्यांनी प्रभारी राष्ट्रपती म्हणून आणि १९७९ ते १९८४ या काळात उपराष्ट्रपती म्हणून काम पाहिले.

राज्य पुनर्रचनेने मात्र नागपूरचे वैभव हिरावले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. नागपूरची राजधानी गेली आणि स्वतंत्र उच्च न्यायालयही संपले. हिदायतुल्ला जबलपूरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात मान्य केल्याप्रमाणे येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. पुढे १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या कलम ४१ ने किमान तीन न्यायमूर्तींनी नागपुरात बसावे, अशी तरतूद केली. चंद्रपूर किंवा बुलढाण्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागली नाही, ती या तरतुदीमुळे. खंडपीठ हा विदर्भाच्या दृष्टीने निव्वळ सोयीचा प्रश्न नव्हता. विलीनीकरणाच्या वेळी दिलेल्या शब्दाची ती खूण होती.

आणीबाणीत या खंडपीठापुढे पुन्हा तोच प्रश्न आला. मूलभूत हक्कांची अंमलबजावणी स्थगित असताना स्थानबद्धाला हेबियस कॉर्पस याचिका करता येते काय? देशातील ज्या नऊ उच्च न्यायालयांनी अशा याचिकांचे दार बंद करण्यास नकार दिला, त्यांत नागपूर खंडपीठाचा कौलही होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही भूमिका अमान्य केली, न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात राहिले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कासंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा निर्णय रद्दबातल ठरविला. त्या निकालपत्राचे एक लेखक न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचेच पुत्र.

नागपुरात वकिली केलेले शरद बोबडे २०१९ मध्ये आणि भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. राजधानीचा मान गेला, तरी १९४० च्या त्या वास्तूत विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचे न्यायदान सुरू आहे. अटक करणाऱ्याला कारण विचारण्याची येथील परंपरा त्या वास्तूहून अधिक मोलाची म्हणावी लागेल.